गाऱ्हाण्यात नाबर सरांचे नाव घ्यावे

मयत: श्री. दिगंबर नाबर, समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. अर्जदार: मी, शांताराम पेडणेकर, अर्जलेखक, बैठक तहसील कचेरीसमोर. घटनेची वेळ: गेल्या महिन्यातील बुधवार, कचेरी उघडण्याच्या सुमारास. साक्षीदार: एक, सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, दोन, तातू गावकार, जे देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालतात. तक्रारीचा विषय पुढे येईलच. प्रथम माणूस सांगतो.

त्या बुधवारी मी एका बाईच्या पायवाटेचा अर्ज लिहीत होतो. तातूचा फोन आला. “शांतारामा... सर गेले रे.” बाईने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, “ऱ्हवांदे, उद्या येतंय.” माझा मजकूर अर्ध्या वाक्यावर थांबण्याचा तो पहिलाच प्रसंग.

सरांची नि माझी ओळख अर्जामुळेच झाली. सावंतवाडीच्या कॉलेजातून निवृत्त होऊन ते गावी आले आणि विजेच्या मीटरसाठी माझ्याकडे बसले. मी माझ्या पद्धतीने लिहिले: मेहेरबान साहेबांचे सेवेशी, आपण मायबाप, अर्जदार आपले लेकरू, अमुक पीडा आहे, तरी कृपा व्हावी. सरांनी ते वाचले आणि टेबलावर थाप मारली.

“अहो पेडणेकर, हे तर गाऱ्हाणं आहे!”

मी दुखावलो. “माझ्या मसुद्याला आजवर एकाही साहेबाने नाव ठेवलेलं नाही.”

“नाव नाही ठेवत हो! तातू गावकार देवापुढे उभा राहून काय बोलतो? आधी देवाचा मान, मग गावाची पीडा, मग मागणी. साचा तोच! फरक इतकाच, की तिथे सही सगळा गाव करतो. होय म्हाराजा म्हणून!”

त्या दिवसापासून कचेरी सुटताना सर माझ्या टेबलाशी येऊ लागले. चहा मी मागवायचा, पंडित त्यांनी आणायचे. एका पंडिताच्या मते धर्म ही दुःख बधिर करणारी गुंगी आहे. पण त्याच गुंगीत दुःखिताचा सुस्काराही आहे, हे सर आवर्जून सांगत. दुसऱ्याच्या मते माणसाची श्रद्धा बदलली की त्याची कामाची आणि कमाईची रीतही बदलते. सरांचा लाडका मात्र तिसरा. त्याचे म्हणणे असे, की माणसे एकत्र जमतात तेव्हा त्यांच्यात एकट्यादुकट्यात नसलेले बळ संचारते, आणि त्या बळालाच ती देव म्हणतात. समाज आपल्याच रूपापुढे हात जोडतो. माझे शिक्षण नववीपर्यंत. पण मुद्दा पकडण्यास नववी पुरते. मी हरकत घेतली.

“मग सर, गाव आपसात भांडतो तेव्हा देव कुठे जातो?”

“कोर्टात!” सर म्हणाले. “म्हणून तर तुमचं टेबल चालतं!”

पालखीच्या मानाचा आमच्या गावचा दावा तेव्हा ऐन भरात होता. दोन्ही बाजूंचे अर्ज माझ्याच हातचे. आम्ही दोघे चहा सांडेपर्यंत हसलो.

सर स्वतः नास्तिक. देवळात येत, खांबाला टेकून सारे पाहत; हात कधी जोडले नाहीत. आता गेल्या थंडीतली गोष्ट. देवाने कौल दिला आणि आमच्या गावात गावपळण ठरली. म्हणजे तीन दिवस सगळ्या गावाने घरदार सोडून शिवेबाहेर झोपड्यांत राहायचे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, गुरेढोरे, कोंबड्या, कुणीही मागे राहायचे नाही. सरांचे हृदय तेव्हा थकलेले. मुलाने पुण्याहून बजावले, बाबांना सावंतवाडीला पाहुण्यांकडे ठेवा. एरवी शुद्ध पुस्तकी बोलणारे सर खवळून उठले, “गाव जाता थंय माका जावक व्हया!” वहिनी म्हणाल्या, “आता हे ऐकायचे नाहीत. खुर्ची उचला.” मग आम्ही चौघांनी त्यांना वेताच्या आरामखुर्चीसकट वहाळाच्या पाण्यातून शिवेपार नेले.

संध्याकाळी सगळा गाव माळावर जमला. तातूने गाऱ्हाणे सुरू केले. “बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या शब्दाखातीर शिवेभायर इली आसत...” होय म्हाराजा! “जो कोण आजारान पिडलो आसात, तेका बरो कर रे म्हाराजा...” आणि त्या वेळी माझ्या कानाशी असा आवाज फुटला, की मी दचकलो. सर झोपडीचा वासा धरून उभे होते आणि सगळ्या गावावर आवाज चढवून ओरडत होते, “होय म्हाराजा!”

तातू तिकडून म्हणाला, “सर, जरा हळू! देव बहिरो नाय!” सगळा माळ हसला.

“सर, तुम्ही?” मी विचारले.

त्यांचे डोळे लखलखत होते. “पेडणेकर, मी हे आयुष्यभर शिकवलं हो... आज ते माझ्याच घशातून बाहेर आलं!”

“म्हणजे देव आहे म्हणता?”

“ते मला ठाऊक नाही. गाव आहे! आणि मी त्यात आहे!”

आता तक्रार. आमच्या गावची रीत अशी, की जत्रेच्या गाऱ्हाण्यात वर्षभरात गेलेल्यांची नावे देवाला सांगायची. ज्याचे नाव घेतले, तो गावाचा. जत्रा तोंडावर आली आहे आणि काही मानकऱ्यांचा सरांच्या नावाला विरोध आहे. तातू मला म्हणाला, “नाव घेवक माका जड नाय रे. पण ते म्हणतत, जेणा कधी हात जोडूक नाय, तेचा नाव कित्याक?” मी वहिनींना विचारले, सरांना तरी हे चालले असते का? त्या म्हणाल्या, “माळावर ओरडून सांगितलं की त्यांनी. अजून काय हवं?”

ती वेताची खुर्ची वहिनींनी माझ्याकडे दिली आहे. ती टेबलाशेजारी ठेवली आहे. गाऱ्हाणे घेऊन येणारा प्रत्येक जण तीत बसतो. कुणाला उठवणे सरांना रुचले नसते. कचेरी सुटताना माझा हात अजूनही दोन चहांची खूण करतो...

तरी गावच्या समस्त मानकऱ्यांस नम्र विनंती, की सरांनी गावाची पीडा आपली मानून गावासोबत शीव ओलांडली, हा पुरावा ग्राह्य धरावा. जोडलेले हात नसतील, गावाच्या आवाजात मिळवलेला आवाज आहे. जत्रेच्या गाऱ्हाण्यात दिगंबर नाबर हे नाव घ्यावे व अर्जदारास न्याय द्यावा. लेखी उत्तराची गरज नाही. तातूने नाव उच्चारल्यावर सगळ्या गावाने नेहमीचे दोन शब्द म्हणावेत. आणि यंदा ते जरा मोठ्याने म्हणावेत, कारण एक आवाज कमी आहे.