झुंबरच्या हातातला गोळा

सहादू पगारेचा हात वाईट. देवळाली कॅम्पात त्याच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शेजारपाजार "त्याचा स्वभावच तसा" म्हणून गप्प बसायचा. स्वभाव कसला डोंबलाचा? कामावर हवालदाराने आईवरून शिवी हासडली तरी हा मान खाली घालून "जी साब" म्हणायचा. म्हणजे हात आवरता येत होता की. घरी आला की मात्र सुटायचा. दूध सांडलं, पाठीत रट्टा. पाटी फुटली, कानाखाली. बायको मध्ये पडली तर तिलाही. त्याच्या बापाने त्याला बैलाच्या आसुडाने फोडून काढलं होतं, आणि ते वळ तो पाहुण्यांना सदरा वर करून दाखवायचा.

लष्कराचा गोळे उडवायचा सराव ज्या माळावर चालायचा, त्याला रेंज म्हणत. तिथे सहादू मजूर होता. नेम धरायला लागतात त्या पांढऱ्या ताट्या उभ्या करायच्या, फुटल्या की पुन्हा बांधायच्या. सराव असला की लाल बावटा लागायचा. रविवारी बावटा नसायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत अशाच एका रविवारी पोरांना टेकडी दाखवायची टूम त्याने काढली. वरून दारणेचं पाणी दिसतं, आगगाडी दिसते, म्हणून पोरं वर्षभर मागे लागली होती. लंकाबाईने बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी बांधून घेतली. सात वर्षांची झुंबर आणि चार वर्षांचा मिलिंद उजाडल्यापासून चपला घालून दारात बसले होते.

सडकेने टेकडी दोन तासांवर. सहादूने जवळची वाट म्हणून पोरांना सरळ रेंजमध्ये घातलं.

"ही आपली वाट नाय," लंकाबाई म्हणाली. "इथं काय काय पडलेलं आसतं."

"मी रोज फिरतो हितं. मला शिकवती?"

असं म्हणून पोरांच्या देखत तिच्या तोंडावर एक ठेवून दिली. ओठ फुटला. तिने पदराने रक्त पुसलं आणि चालू लागली. पुढे मिलिंदच्या हातून पाण्याची बाटली पडली, त्यालाही दोन बसल्या. घ्या, झाली सहल. पोरांना डोंगर दाखवायची एवढी हौस, आणि अर्ध्या वाटेत बायकोला आणि पोराला मारून हा मोकळा.

वर पोचल्यावर मात्र गडी खुलला. मिलिंदला खांद्यावर घेऊन त्या बराकी, ते स्टेशन, ती दारणा, असं सगळं बोट करून दाखवलं. जेवताना रेंजवरच्या गमती सांगितल्या. फुटक्या गोळ्यांचं लोखंड गोळा करून साहेबाला नेऊन दिलं की साहेब पाठ थोपटतो, असं सांगितलं. झुंबर भाकरीचा घास हातात धरून ऐकत होती. मग तो टॉवेल तोंडावर घेऊन आडवा झाला.

"आबा, तुमच्यासाठी आणलंय."

त्याने टॉवेल काढला. झुंबर पंधरा पावलांवर उभी होती. तिने दोन्ही हातांनी छातीशी एक गंजलेला गोळा कवटाळला होता. शेपटीला पात्या, तोंड शाबूत, कुठे चीरसुद्धा नाही. न फुटताच पडून राहिलेला. म्हणजे जिवंत.

असल्याच एका गोळ्याला दोन वर्षांमागे भिमाजीने पायाने उलटवलं होतं. भिमाजी सहादूच्या जोडीचा मजूर. सहादूने स्वतःच्या हातांनी त्याला गोणपाटात भरलं होतं. एक पाय बाभळीवर सापडला, दुसरा सापडलाच नाही.

सहादूने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो ओरडला की पोरीच्या हातातलं गळून पडतं, हे त्याला माहीत होतं. घरातल्या कपबशा अशाच गेल्या होत्या. त्याने आवाज अगदी मऊ केला.

"झुंबरबाई, ये गं माझ्याकडं. काय नाय करत मी."

पोर पांढरीफटक पडली. एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक. तिच्या मागे कडा होता.

ती का सरली, ते सहादूला तिथल्या तिथे कळलं, आणि ते कळणं त्याला सोसवेना. पोरं माराच्या भीतीने खाटेखाली लपली की तो नेमका हाच आवाज काढायचा, हेच शब्द बोलायचा. मग पोर बाहेर आली की केस धरायचा.

"मी चोरलं नाय आबा," झुंबर रडत म्हणाली. "तितं पडलं होतं." रडताना गोळा छातीवरून खाली घसरला. तिने गुडघा वर करून तो कसाबसा सावरला.

लंकाबाईने मिलिंदला मोठ्या खडकामागे बसवलं आणि नवऱ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही जा."

"आगं पण..."

"तुम्ही दिसता तवर ती मागंच सरकंल. जा म्हणते ना."

एरवी एवढ्यावर तिचे दात पाडले असते त्याने. आता तो मुकाट्याने वळला. पोटची पोर मरणाला छातीशी धरून उभी, आणि बापाने तिच्याकडे पाठ करून चालायचं. खडकामागे जाऊन तो मिलिंदशेजारी बसला. दिसत काही नव्हतं, फक्त लंकाबाईचा आवाज येत होता.

"गेले बघ आबा. आता खाली बस बाई. हळू. मांडी घाल. आसं. आता बाळाला निजवतो तसं ते गवतावर ठेव. हात काढ. एक काढला ना, आता दुसरा. ये."

दोन शब्दांमध्ये ती थांबली की सहादूला भिमाजीचं गोणपाट दिसायचं.

मग पळणारी पावलं ऐकू आली. लंकाबाई पोरीला काखेत मारून आली, दुसऱ्या हाताने मिलिंदला ओढलं आणि न थांबता सडकेच्या बाजूचा उतार उतरली. सहादू मागोमाग. खाली सडकेवर पोचल्यावर सगळे थांबले.

सहादूने झुंबरच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला. खरंच मायेने उचलला होता. पोर दोन्ही हात डोक्यावर घेऊन मटकन खाली बसली.

तेव्हा लंकाबाई फिरली आणि तिने नवऱ्याच्या थोबाडात मारली. एक, दोन, तीन. जोर लावून, दातओठ खाऊन. त्याच्या नाकातून रक्त आलं. सडकेने सायकलवाले चालले होते, ते थांबून बघू लागले. सहादूने हात वर केला नाही, तोंडही चुकवलं नाही.

मिलिंदने आईचा पदर ओढला.

"आई, आबांनी काय सांडलं?"

लंकाबाईचा उगारलेला हात तसाच राहिला. मग तिने मिलिंदला कडेवर घेतलं, झुंबरला उठवलं आणि सडकेने कॅम्पाची वाट धरली. सहादू नाक धरून बराच मागे चालत राहिला. जवळ गेलो तर पोर पळेल, आणि सडकेवर मोटारी होत्या.