बाद झालेल्या सह्या

निघताना सांताक्रूझ विमानतळावर वडील एवढंच म्हणाले, "भाव करताना पाय दाराकडे असू दे." जळगावात त्यांची केळ्यांची अडत होती. त्यांचं सगळं शहाणपण तिथलं. मी ते न्यू जर्सीत वापरलं. दारोदार इन्शुरन्स विकला, एजन्सी काढली, सिटिझन झालो आणि ऐंशीचं दशक निम्मं सरताना राज्याच्या असेंब्लीला उभा राहिलो.

पार्टीची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी निवडणूक, लढवायला मतदारांच्या सह्या लागतात. मी वेस्ट विंडसरमधली आपल्या लोकांची घरं पालथी घातली. घरोघरी चहा, चिवडा आणि सही. मराठी मंडळातले वडीलधारे डॉक्टर देसाईकाका म्हणाले, "आपला माणूस उभा राहतोय, सही नाही करणार?" त्यांची सही सगळ्यात वर घेतली.

विरोधकाच्या वकिलाने यादी तपासली. निम्म्याहून जास्त सह्या बाद झाल्या. माणसं खरी, पत्ते खरे, पण सगळे ग्रीनकार्डवाले. त्यांना मतच नव्हतं. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. माझं नाव मतपत्रिकेवरून गेलं.

त्याच संध्याकाळी काकांच्या किचनमध्ये मी तोंड सोडलं. "माहीत असून सही का केलीत?"

"तू दारात आलास. नाही कसं म्हणायचं?"

"मला मतदार हवे होते, काका. तुमची भीड नको होती."

त्यांची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "अंकल, यू शुड हॅव चेक्ड." खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

पुढच्या निवडणुकीआधी मी सिटिझनशिपचे फॉर्म घेऊन त्याच दारांत गेलो. कोणाला पटवलं, कोणाला लाजवलं. देसाईकाका फॉर्म भरत गेले आणि एका ओळीशी थांबले. मूळ देशाची निष्ठा सोडायची शपथ घ्यायला तयार आहात का?

"आई आहे रे अजून तिकडे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

गिऱ्हाईक कधी वाकतं ते मला कळतं. अजून एक शब्द पुरला असता. मी फॉर्मची घडी करून खिशात घातली. माझ्या सिटिझनशिपच्या शपथेच्या दिवशी मी घड्याळ बघत होतो, दुपारी एका क्लायंटची अपॉइंटमेंट होती.

ती निवडणूक थोडक्यात हरलो, पुढची जिंकलो. राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, माझ्या शपथविधीला काका-काकू पहिल्या रांगेत, हार घेऊन. त्यांनी हार घातला, फोटो काढला. माझा राग काही गेला नाही.

जळगावला गेलो की चौथ्या दिवशी परतीचं तिकीट बॅगेतून काढून बघतो, इथे परतलो की महिनाभर कशात लक्ष लागत नाही. तुम्ही जळगावचे लोक पत्रात विचारता, आता घर कुठलं वाटतं? ते देसाईकाकांना विचारा. त्यांना त्या ओळीशी थांबता आलं. मी ती वाचलीसुद्धा नव्हती.