जानूबाबांचा बनाती कोट

सदर व्यक्ती सौ. सगुणा कुलदीप जगदाळे. मूळ जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम तुर्भे. व्यवसाय : शाळेचे गणवेश आखूड करणे व मुले वाढल्यास तेच पुन्हा लांब करणे. विशेष प्रावीण्य : कोणत्याही गणवेशाची हुबेहूब प्रत, माफक दरात.

शेवटची ओळ नवऱ्याने हौसेने पाटीवर रंगवून घेतलेली. तीच वाचून जवळच्या दिवाळे कोळीवाड्याचा भगवान कोळी दारात आला.

त्याचे वडील जानूबाबा गावच्या ब्रास बँडचे मास्तर. डोळे गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. नातीच्या हळदीला बँडपुढे उभं राहायला ते कबूल झाले, पण अंगात जुना लाल बनाती कोटच हवा. त्याची कसरीने केव्हाच चाळण केली होती. भाड्याने आणलेला कोट त्यांनी चाचपला आणि परत दिला. "यो वेटरचा हाय."

भगवानने जुना कृष्णधवल फोटो पुढे केला. सगुणाने तो मापापुरता बघितला. "बाबा बघणार न्हाईत दादा, हातानं वळखणार. मला त्यांच्याकडं न्या."

दिवाळ्याला जाऊन तिने एवढंच विचारलं, "बाबा, कोट अंगावर कसा वाटायचा?"

म्हाताऱ्याने स्वतःचा खांदा चाचपला. म्हणाला, "पावसान भिजला का खांद्याव मासल्यांचं ओलं जालं घेतल्यावानी. नि वास यायचा, मेंढराचा."

अस्सल लोकरी बनात परवडणारी नव्हती. भगवानला घेऊन सोफ्याच्या कापडांच्या दुकानात सगुणा डोळे मिटून ठाणांवरून हात फिरवत निघाली.

"मॅडम, झोप लागली काय?" दुकानदार म्हणाला.

मखमलीवर ती पुटपुटली, "हा नवरदेव." फेल्टवर, "हे गॅदरिंगचं." एका कापडाच्या उलट्या बाजूवर मात्र तिचा तळवा थांबला. भगवाननेही डोळे मिटून हात लावला, आणि वरातीत पेंगून बापाच्या खांद्यावर टेकवलेला गाल त्याला आठवला. कोणी अंगारा लावल्यासारखा तो उभा राहिला. मग डोळे उघडले. कापड वांगी रंगाचं होतं.

"ताई, गाव हसंल."

"लाल हाय की तिकडं, पण गुळगुळीत. गावासाठी शिवू का बाबांसाठी?"

भगवानने वांगी ठाण उचलून दुकानदारापुढे ठेवलं.

अस्तराला तिने सासूची विरलेली घोंगडी फाडली. मेंढराचा वास आयता मिळाला. बटणं भंगारातली, पण पितळी. प्लास्टिक बोटाला गार लागत नाही, बाबा लगेच पकडतील, असं तिचं म्हणणं.

हळदीच्या दिवशी जानूबाबांनी कॉलर हुंगली. कोट हातावर तोलला. अंगठा पोतावरून सावकाश फिरला. भगवानला खोटं बोलायचं नव्हतं. "बाबा, रंग जरा…"

"रंग नको सांगू. त्यो माजे डोल्यान हाय."

गळ्यापर्यंत बटणं लावून त्यांनी बँडमास्तरची दांडी मागितली. गल्लीत पोरं चेष्टेत भोंगे फुंकत होती, ती म्हातारा दिसताच ताठ झाली. दांडी वर गेली, आणि सगळा कोळीवाडा श्वास रोखून थांबला. कोणी हसलं नाही.

कोट वांगी रंगाचा होता.