न पाहिलेलं पान

म्हैसूरच्या प्रशिक्षणाहून परतल्यावर गिरिजाबाईंनी चौथीच्या एकेका मुलाकडून पहिल्यांदाच वेगळं वाचून घेतलं. सगळ्यांनी एका सुरात म्हटला की धडा खणखणीत यायचा. मधल्याच वाक्यावर बोट ठेवलं की निम्मी मुलं गप्प. इतकी वर्षं वाचन म्हणून त्या पाठांतरच ऐकत आल्या होत्या.

तेव्हापासून हुणसूरपलीकडच्या त्या कानडी शाळेत त्यांचा वर्ग अडखळू लागला. अक्षरं फोडायची, जुळवायची, चुकायचं. हेडमास्तर नरसिंहमूर्ती दारात येऊन थांबत.

"इन्स्पेक्शन तोंडावर आलंय, मॅडम. मुलं धडे विसरली तर जाब कोण देणार?"

"मी देईन, सर."

घरी नवरा, मानाजीराव, जेवताना म्हणाले, "सुम्मनं, उगाच कशाला वैर घेतीस? लांब कुठं बदली केली म्हणजे?"

गिरिजाबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला.

इन्स्पेक्टर हयग्रीव आले. "पाठ झालेला धडा घ्या," हेडमास्तर कुजबुजले. गिरिजाबाईंनी आपल्या पिशवीतून मुलांनी कधीच न पाहिलेलं गोष्टीचं पुस्तक काढलं आणि नागरत्नाला उभं केलं. तंबाखूच्या भट्टीवर राबणाऱ्या घरची मुलगी. पहिल्याच जोडाक्षराला ती अडली. हयग्रीवांनी घड्याळ पाहिलं. शब्द गिरिजाबाईंच्या ओठांवर आला होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मुलीनं अक्षर फोडलं, पुन्हा जुळवलं, पुढं सरकली. पान संपायला फार वेळ लागला. मग तिनं साहेबांनाच विचारलं, "म्हातारीनं दार का उघडलं नाही? पुढच्या पानावर आहे का ते?"

हयग्रीव हसले नाहीत. पान उलटून म्हणाले, "तूच बघ."

तरी शेरा पडला तो 'वाचनाचा वेग कमी' एवढाच. नरसिंहमूर्तींनी तो सगळ्यांसमोर वाचला आणि जूनमध्ये गिरिजाबाईंकडची चौथी काढून त्यांना पहिली दिली. घरी जाताना बसमध्ये त्या पदराआड रडल्या. दुसऱ्या दिवशी पहिलीत गेल्या, आणि तिथं सामूहिक घोकंपट्टी सुरूच होऊ दिली नाही.

ती मुलं चौथीत पोचली तेव्हा कुणालाही कुठलंही पान वाचता येत होतं. एका दुपारी नरसिंहमूर्ती बराच वेळ दारात ऐकत उभे राहिले. मळतील म्हणून शाळेची गोष्टीची पुस्तकं त्यांनी कपाटात बंद ठेवली होती. खिशातून किल्ली काढून पुढं करत ते म्हणाले, "यांना पुस्तकं कमी पडत असतील, मॅडम."

"पडतात, सर," गिरिजाबाई म्हणाल्या आणि कपाट उघडायला गेल्या.