कागदावर जतन केलेला आवाज

लातूरला राहून डॉक्टर न होणं हे गावात तोंड दाखवू नये एवढं मोठं पाप आहे. मी ते केलं आणि ग्रंथालयशास्त्र शिकायला नांदेडला आले. शेवटच्या सत्रात इंटर्नशिप सक्तीची होती. 'विद्यापीठाच्या अभिलेखागारात इलेक्ट्रॉनिक नोंदींचे जतन' असं पत्रात छापलं होतं. ते वाचून काहीतरी शिकायला मिळेल असं मला वाटलं. वेडीच मी.

अभिलेखागार म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक सर. सरांच्या टेबलावर त्यांचेच सत्काराचे फोटो काचेखाली लावलेले. कॉम्प्युटर ते स्वतः चालू करत नसत. बटण दाबायलासुद्धा त्यांना माणूस लागे. मात्र कॉम्प्युटर या विषयावर बोलायला लागले की थांबत नसत. उंटावरचे शहाणे मी बरेच पाहिलेत, पण हे उंटावर बसून उंटालाच रस्ता विचारणारे होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी जतनाचं शास्त्र आम्हा इंटर्न मुलींना समजावलं. "लाईट गेली की कॉम्प्युटरमधलं काय दिसतं? काहीच न्हाई. तपासणीला समिती आली तर त्यांच्या हातात काय देणार? फाईल पाहिजे, फाईल! जे आत हाय ते सगळं छापून काढा."

आणि आम्ही छापत बसलो. ईमेल छापले, फोटो छापले, फोटोंची यादी छापली. प्रत्येक कागदावर 'सत्यप्रत' असा शिक्का, खाली सरांची सही. सही करताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की वाटावं एखादं राज्य बक्षीस देतायत. इलेक्ट्रॉनिक नोंदी सांभाळायला आलेल्या आम्ही दिवसभर पंचिंग मशीननं कागदाला भोकं पाडत होतो.

माझ्यासोबत एक मुलगी होती, इस्लापूरकडची. ती मात्र क्रेडिटसाठी आली नव्हती. तिचे वडील पूर्वी भीमगीतं गायचे. जयंतीच्या दिवसांत भोकरपासून किनवटपर्यंत त्यांना बोलावणी असत. मग घशाचा कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं आणि आवाज कायमचा गेला. माणूस राहिला, हेच नशीब. गावात कुणाच्या मोबाईलवर एखादी क्लिप असेल म्हणून तिनं घरोघर विचारलं होतं. जुने मोबाईल गेले तशा क्लिपाही गेल्या होत्या. तिच्या धाकट्या भावाला तर वडिलांचा आवाज आठवतच नव्हता. पण एका प्राध्यापकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी गावोगाव फिरून गाणी रेकॉर्ड केली होती, त्यात वडिलांचंही एक होतं. ते प्राध्यापक आता हयात नव्हते. कॅसेटींना बुरशी लागली म्हणून त्या फेकून दिलेल्या. उरलं होतं ते फक्त इथल्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलेलं. ते गाणं घरी न्यायचं, एवढ्यासाठी ती आली होती.

फाईल तिला सापडली. नावातच गाव होतं, वडिलांचं आडनाव होतं. तिनं माझा दंड एवढा घट्ट धरला की नखं रुतली. पण ऐकायचं कसं? स्पीकर दिले तर पोरी गाणी ऐकत बसतील म्हणून सरांनी स्पीकर कपाटात कुलूपबंद ठेवलेले. गाण्यांच्या अभिलेखागारात गाणी ऐकायला बंदी! अशी अक्कल विकत मिळत नाही, ती जन्मजातच लागते.

मी तिला म्हणाले, "पेन ड्राईव्ह आण. दोन मिनिटांचं काम हाय. मी दारात उभी राहते."

"न्हाई गं," ती म्हणाली. "चोरून नेलं तर पप्पा ऐकणार न्हाईत. रीतसर मागू."

तिनं रीतसर अर्ज केला. सरांनी तो 'योग्य कार्यवाहीसाठी' वर पाठवला. त्यांच्या टेबलापासून वरचं टेबल दोन दारं सोडून होतं, पण अर्जाला तिथं जाऊन परत यायला आमची इंटर्नशिप संपत आली. दरम्यान आम्ही त्या गाण्यांचेही कागद केले. म्हणजे गाण्याचे नव्हे. स्क्रीनवर फाईलची माहिती उघडायची, तिचा फोटो घ्यायचा, छापायचा. फाईलचं नाव, अकरा मिनिटं, आकार. सत्यप्रत. समिती आली, चहा प्यायली, जाडजूड फायली चाळून खूश होऊन गेली. या देशात जाड कागद बघून खूश न होणारी समिती अजून जन्माला यायची आहे.

समिती गेल्यावर परवानगी आली. त्या दिवशी तिनं वडिलांनाच बोलावून घेतलं. सकाळच्या एसटीनं ते आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्याला रुमालासारखी बांधलेली दस्ती. मला त्यांनी हात जोडून जयभीम केला, नुसता ओठांनी. स्पीकर मी वर्गमित्राकडून आणले होते. तिनं कॉम्प्युटर उघडला.

फोल्डरमध्ये गाणी नव्हती. सरांच्या सत्कार समारंभाची ड्रोननं काढलेली फिल्म होती.

"ते व्हय?" सर आले आणि हसून म्हणाले. "ते काढून टाकायला लावलं. जागा लागत व्हती. कागदावर पक्की प्रत झाली ना? मंग कच्चं कशाला ठेवायचं? हाफिसात डबल ठेवलं की ऑडिटवाले विचारतेत."

पक्की प्रत झाली की कच्ची फाडायची, हे त्यांनी नोकरीभर केलं होतं. आवाजही त्यांनी तसाच फाडला. मला त्यांच्या अंगावर स्पीकर फेकावेसे वाटले. तिनं सगळे फोल्डर उघडले, कचऱ्याचा डबा उघडला, पुन्हा तेच फोल्डर उघडले. कुठंच काही नव्हतं.

सरांनी मात्र कपाटातून फाईल काढली, त्यातला एक कागद सोडवला आणि वडिलांच्या हातात दिला. "घ्या काका, तुमचं गाणं. शिक्क्यासहित. अशी सेवा कुठं मिळती का?" मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून समोर धरला. "आता दोन शब्द बोला काका. अभिलेखागाराबद्दल कसं वाटलं ते. पुढच्या समितीला दाखवायला लागतं."

काकांना आवाज नाही हे सरांना माहीतच नव्हतं. अर्जात सगळं लिहिलेलं होतं, त्याच्यावर त्यांची सही होती, आणि त्यांना माहीत नव्हतं.

"लाजू नका काका. बोला, बोला."

वडिलांनी कागद टेबलावर ठेवला. गळ्याची दस्ती सोडली. मधोमध पडलेलं भोक दिसलं, श्वास तिथून आत-बाहेर होत होता. ते तसेच कॅमेऱ्याकडं बघत उभे राहिले, सरांचा हात खाली येईपर्यंत. मग दस्ती नीट बांधली, लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला घेऊन बाहेर गेले. ती जिन्यावर रडायला लागलेली मला आतून ऐकू आली.

सरांनी घसा खाकरला. टेबलावरचा कागद त्यांच्या नजरेस पडला.

"कागद इथंच ठेवून गेले व्हय?" ते मला म्हणाले. "बरं झालं. घे, परत फाईलीला लावून ठेव."