भाऊबीजेचा पत्ता

आमच्या चिंचपोकळीच्या रस्त्याला कुणी नुसतं 'गल्ली' म्हटलेलं आत्यांना खपत नसे. त्या साऱ्या चाळीच्याच आत्या. टॅक्सीवाला असो की कुरिअरवाला, रस्त्याचं पूर्ण नाव घेतल्याशिवाय सुटका नाही. हुद्दा गाळला तर म्हणायच्या, "आधी लेफ्टनंट म्हण. तुझ्या वर्गात होता का तो?"

रस्त्याला नाव होतं ते त्यांच्या धाकट्या भावाचं. नौदलातला वैमानिक. युद्धात विमानासकट समुद्रात गेला. मागाहून वीरचक्र आलं, तो आला नाही. कोपऱ्यावरच्या भिंतीत त्याच्या नावाची संगमरवरी पाटी होती. आत्या ती रोज ओल्या फडक्यानं पुसत आणि भाऊबीजेला तबक घेऊन खाली येत, पाटीला कुंकू लावून ओवाळत. कुणी हसलंच तर म्हणत, "भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे. त्याचा पत्ता हा."

मी तेव्हा गणपती मंडळाचा सेक्रेटरी. कमानीच्या खांबाला पाटी आडवी येत होती. "दहा दिवसांचा तर प्रश्न," म्हणत मीच ती काढली आणि माझ्याच हातून निसटली. तीन तुकडे. आत्यांनी विचारलं तेव्हा बोलून गेलो, "पालिकावाले घेऊन गेले, दुरुस्तीला."

झालं. ऐंशीच्या आत्या अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढू लागल्या. सोबत मी. खिडकीवरचा माणूस म्हणायचा, "आमच्याकडे नोंदच नाही, आजी," आणि मी त्याच्याशी भांडायचो. अगदी तावातावानं.

भाऊबीजेला त्या तबक घेऊन आल्या. भिंतीत स्क्रूची चार भोकं. आत्या माझ्याकडे वळल्या. "ये रे, उभा राहा. माझ्या भावासाठी एवढा झिजतोयस, या वर्षी तूच."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी डोक्यावर रुमाल टाकला आणि कपाळ पुढे केलं. ते ओलं बोट अजून जाणवतं.

पुढच्या भाऊबीजेआधी त्या गेल्या. नवी पाटी नंतर मीच खटपट करून बसवली, त्याबद्दल सत्कारही घेतला. खरं काय ते आज पहिल्यांदा लिहितोय. ते तीन तुकडे माझ्या माळ्यावर आहेत, मंडळाच्या जुन्या बॅनरमध्ये गुंडाळलेले. नवी पाटी लखलखीत आहे. संगमरवरात मुरलेला कुंकवाचा डाग मात्र तुकड्यांवरच राहिला. दर भाऊबीजेला मी ओलं फडकं घेऊन बसतो, आणि न पुसताच उठतो.