सात नंबरच्या आरशाची चिठ्ठी

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी प्रयोगशाळेच्या मावशी सहाव्या टेबलावरची मेणबत्ती सरळ करत होत्या. प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होती. शेजारच्या सातव्या टेबलाशी, बाहेरून आलेले परीक्षक एका मुलीच्या वहीवर बोट ठेवून उभे होते.

"आरशाच्या चिठ्ठीवर नाभीय अंतर पंधरा सेंटिमीटर लिहिलंय. तुझं वीस कुठून आलं?"

"सर, प्रतिमा तशीच येते. तीनदा पाहिलं."

"म्हणजे तीनदा चुकलीस. खोडतेस, की शून्य देऊ?"

मुलीने खोडरबर उचललं नाही. बाकीचे आधी चिठ्ठीवरचा आकडा पाहून मग निरीक्षणं बसवतात, हे मावशी एकोणीस वर्षं बघत आल्या होत्या.

आता त्यांना आठवलं. काल आरसे धुताना दोन चिठ्ठ्या सुटल्या होत्या. घरी जायची घाई; त्यांनी त्या अंदाजाने चिकटवल्या. त्यांच्या नोकरीच्या यंदाच्या कंत्राटाची फाईल मुख्याध्यापकांकडे सहीला गेली होती. गप्प बसलं तर मुलीचे दहाच्या दहा गुण जाणार होते.

"सर, जरा थांबा."

"मावशी, तुम्ही पाण्याचं बघा."

"पाण्यानेच घोळ केलाय, सर. धुताना सुटलेल्या दोन चिठ्ठ्या मी अंदाजाने लावल्या."

त्यांनी सातचा अंतर्गोल आरसा उचलला आणि खिडकीकडे तोंड करून धरला. दूरच्या वस्तूची प्रतिमा नाभीपाशी पडते, हे त्यांनी मागच्या बाकाशी उभं राहून दरवर्षी ऐकलं होतं. आरशासमोर कोरा कागद मागेपुढे करताच त्यावर पलीकडची पाण्याची टाकी उलटी उमटली. कागद जरा हलला, टाकी पुसट झाली. पुन्हा जमवली.

"आता मोजा."

परीक्षकांनी पट्टी लावली. वीस. मग दुसरी सुटलेली चिठ्ठी ज्यावर होती, तो नऊचा आरसा. चिठ्ठीवर वीस, पट्टीवर पंधरा.

"आणि नऊवर उत्तर बरोब्बर वीस?" परीक्षकांनी वळून पाहिलं. त्या टेबलाशी उभ्या मुलाची मान खाली गेली. "उद्या मावशीच परीक्षा घेतील, मी बाटल्या धुतो."



मुलीला दहापैकी दहा मिळाले. नऊ नंबरला प्रयोग पुन्हा करावा लागला. अहवालात परीक्षकांनी लिहिलं: 'चिठ्ठ्या चुकीच्या, परिचर जबाबदार.' खाली मावशींनी सही केली. कंत्राटाच्या फाईलीला आता हा कागदही जोडला जाईल.

उद्याची तुकडी सकाळी नऊ वाजता बसते. बाराही आरसे चिठ्ठ्या काढून खिडकीशी मोजायला मावशी साडेसातला येणार आहेत.